मदत हवी आहे : दुखत नाही म्हणून आई डेंटिस्टकडे यायलाच तयार नाही

नमस्कार मंडळी, आजवर इथे फक्त वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आई साठीची आहे, कराडजवळच्या गावात असते. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. लहानपणापासून मिशेरीची सवय, तव्यावर तंबाखू भाजायची, चुरून डबीत भरायची, आजीचंही तेच होतं. आता सकाळी ब्रश करते पण दुपारी भांडी आवरली की डबी निघतेच. मध्यंतरी माझ्याकडे पुण्याला आली होती तेव्हा चूळ भरताना बेसिनमध्ये रक्त दिसलं, विचारलं तर म्हणे "येतंय अधूनमधून, दुखत कुठं काय." खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला किटण इतकं बसलंय की दोन दातांमधली फटच दिसत नाही.

दात साफ करून घेऊया म्हटलं की तिचं एकच, मशीन लावलं की दात हलतात, शेजारच्या काकूंचे हलले, आणि दुखलंच तर काढून कवळी बसवू. बाबांनी तसंच केलं, दुखेल तशी एकेक दाढ काढत गेले आणि आता भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय खाता येत नाही. आईचं असं होऊ नये असं फार वाटतं मला.

तर कोणी आपल्या घरच्या मोठ्या माणसांना कसं तयार केलंत? स्केलिंगने, म्हणजे मशीनने किटण काढल्याने, खरंच दात हलतात का? आणि जोडीला मुलीचंही विचारते, पहिलीत आहे, शाळेच्या तपासणीत डॉक्टरांनी मागच्या दाढांना सीलंट लावा म्हणून लिहून दिलंय, पण दुधाच्याच दाढा ना, पडणारच आहेत, मग गरज आहे का?

प्रतिसाद १

ताई, मी बीडीएस म्हणजे दातांची डॉक्टर आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुलीचं. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवीन दाढ येते, ती पक्की असते. ती यायला दुधाचा एकही दात पडत नाही त्यामुळे घरात कोणाच्या लक्षातच येत नाही आणि हीपण दुधाचीच असं सगळे धरून चालतात. ही दाढ आयुष्यभर वापरायची आहे आणि तिच्यावरच्या खाचा इतक्या बारीक असतात की ब्रशचा केस आत जात नाही, कीड तिथूनच सुरू होते. सीलंट म्हणजे त्या खाचा बुजवायच्या, सुई नाही, दुखत नाही, दाढ कोरावी लागत नाही. दाढ पुरती वर आली की लगेच लावून घ्या. फ्लोराइडवाली पेस्ट वाटाण्याएवढी, रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही.

आता आई. त्या जागी किटण जास्त बसतं कारण जिभेखाली लाळेच्या ग्रंथी उघडतात आणि लाळेतले क्षार तिथल्या थरावर साठून दगडासारखे घट्ट होतात. एकदा घट्ट झालं की कुठल्याही ब्रशने निघत नाही. त्याच्या आधाराने हिरडी सुजते, रक्त येतं, मग आतलं हाड झिजायला लागतं आणि हे सगळं बहुतेक वेळा न दुखता होतं. स्केलिंगने दात हलत नाहीत. हाड आधीच गेलेलं असतं, किटणाने दात एकमेकांना जखडून ठेवलेले असतात, ते काढल्यावर खरी अवस्था कळते एवढंच. फटी मोकळ्या वाटतात, थंड काही दिवस झोंबतं, मग कमी होतं. आणि शुगर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात राहत नाही, दोन्ही बाजूंनी आहे हे. हिरड्यांची ट्रीटमेंट झाल्यावर शुगर थोडी खाली आलेले पेशंट आम्ही बघतो. मिशेरीमुळे तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे, त्यामुळे गालाच्या आतून, जिभेखाली पांढरा किंवा लाल चट्टा आहे का हेही बघून घ्या. सहा महिन्यांनी तपासायला सांगतात ते याचसाठी, चट्टा काय किंवा कीड काय, सुरुवातीला दुखत नाही, बघितल्याशिवाय कळत नाही. आईंना शुगर आहे, सवयही आहे, तर त्यांना डॉक्टर याहून लवकरही बोलावतील.

प्रतिसाद २

आमच्या आत्याचं अगदी असंच होतं. साफ करायचं नावच काढलं नाही, नुसतं शुगरचे डॉक्टर तोंड दाखवून या म्हणालेत एवढं सांगितलं (आणि ते खरंच म्हणाले होते). दातांच्या दवाखान्यातल्या मॅडमनी हातात आरसा दिला, दुसरा छोटा आरसा तोंडात धरून दातांची मागची बाजू तिची तिला दाखवली. ते काळं बघून आत्या स्वतःच म्हणाली, काढा हे. पैशांचं म्हणाल तर कराडला कृष्णाचं डेंटल कॉलेज आहे, तिथे विचारून बघा, कॉलेजात खर्च बराच कमी येतो, वेळ मात्र हाताशी ठेवून जा.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. पक्क्या दाढेचं खरंच माहीत नव्हतं, आत्ता टॉर्च लावून बघितलं, खालच्या दोन्ही आल्यात. मुलीची अपॉइंटमेंट घेतेय. आईच्या डॉक्टरांशी उद्या बोलते, त्यांचं ती ऐकते. एकच राहिलं, तिला रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, ती आधी बंद करायची का?

प्रतिसाद १

नाही, आपल्या मनाने अजिबात बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि शुगरचा शेवटचा रिपोर्ट घेऊन जा, काय करायचं ते दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतील. सकाळची वेळ घ्या, नाश्ता करून, शुगरची गोळी नेहमीसारखी घेऊनच जा, उपाशी नेऊ नका.