गोवा ते मुंबई विमानाने नेमके अंतर किती आणि वेळ किती धरावा?

झुआरीकाठ (मडगाव):
नमस्कार. पुढील महिन्यात दादरला मामेबहिणीचा साखरपुडा आहे आणि आईला घेऊन सकाळी अकराच्या आत तेथे पोहोचायचे आहे. अंतर शोधले तर एका ठिकाणी 229, दुसऱ्या ठिकाणी 425 आणि तिसऱ्या ठिकाणी जवळजवळ 600 असा आकडा मिळाला. वेळेचाही असाच घोळ आहे. मागच्या खेपेस दाबोळी विमानतळावरून जाताना मी घड्याळ पाहून ठेवले होते: 9.05 ला दार बंद झाले, 9.25 ला चाकांनी जमीन सोडली, 10.14 ला विमान मुंबईत टेकले आणि उतरायला मिळाले 10.26 ला. यातला कोणता वेळ खरा मानायचा?

कोकणकडा:
आपले तिन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त मोजमाप वेगळे आहे. 229 हे सागरी मैल आहेत. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, म्हणून तेच अंतर किलोमीटरमध्ये सुमारे 425 भरते. 600 च्या आसपासचा आकडा रस्त्याचा आहे, कारण रस्त्याला घाट आणि वळणे चुकत नाहीत.

तिकिटावरचा वेळ दार बंद होण्यापासून विमान जागेवर लागेपर्यंतचा असतो, त्यामुळे आपली 81 मिनिटे त्याच्याशी जुळतात. हवेत आपण 49 मिनिटेच होता. ताशी 800 किलोमीटरच्या वेगाने हे अंतर अर्ध्या तासात कापले जावे असे वाटते खरे, पण इतक्या जवळच्या प्रवासात बराचसा वेळ वर चढण्यात आणि खाली उतरण्यातच जातो, पूर्ण वेग फार थोडा वेळ मिळतो. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमाने उतरवता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. पावसाळ्यात तर हे हमखास होते.

सातेरी (पेडणे):
कोकणकडा यांच्या उत्तरात एक भर घालते. 5 जानेवारी 2023 पासून मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरूनही उड्डाणे होतात, आणि हा विमानतळ उत्तरेकडे असल्याने मुंबईचे हवाई अंतर दाबोळीपेक्षा तीस-चाळीस किलोमीटरने कमी आहे. आम्हां पेडणेकरांना ते सोयीचे, पण आपल्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही, कारण मडगावहून मोपा गाठायला दाबोळीच्या दुपटीहून अधिक रस्ता तुडवावा लागेल. तिकीट काढताना कोणता विमानतळ आहे हे मात्र नीट वाचा. आमच्या शेजारचे एक गृहस्थ बॅगा घेऊन दाबोळीला पोहोचले आणि तिकीट मोपाचे निघाले.

झुआरीकाठ:
दोघांचेही आभार, देव बरें करूं. म्हणजे चेक-इन तासभर आधी बंद होते ते धरून, दाबोळीहून साडेसातच्या सुमारासचे विमान घ्यायचे, तर घरून साडेपाचला निघावे लागेल. वंदे भारतचाही विचार केला होता, पण ती मडगावहून दुपारी सुटते आणि मुंबईला रात्री पोहोचते.

कोकणकडा:
मग आदल्या दिवशीच वंदे भारतने जा. आईंना पहाटे उठवावे लागणार नाही आणि बॅगेतल्या नारळांचे वजनही कोणी करणार नाही.