आंबोली टोड बघायचाय, दगड उलटून शोधला तर चालतं का?

पाऊसवेडा: जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आंबोलीला जायचा प्लॅन आहे, धबधबा वगैरे आधी बघून झालंय, यावेळी फक्त तो पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा टोड (भेक, बेडकाचा भाऊबंद) बघायचाय. ग्रुपमधला एकजण म्हणतो सड्यावरचे, म्हणजे तिथल्या उघड्या कातळाच्या पठारावरचे, दगड उलटत गेलं की दिवसाढवळ्या सापडतो. खरंय का? आणि तो खरंच जगात फक्त तिथेच आहे की हे उगाच पर्यटकांना ओढायला?

सडेफिऱ्या: खरंच फक्त आंबोली परिसरातच. २००९ साली नवीन प्रजाती म्हणून नोंद झाली, झँथोफ्रायनी टायगेरिना, अंगावर वाघासारखे पट्टे म्हणून टायगेरिना. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत क्रिटिकली एन्डेंजर्ड, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी काठावर. याच्या वंशात अजून एकच भेक, कोयना टोड, त्याचंही काही बरं चाललेलं नाही. पण दगड नका उलटू राव. जांभ्याच्या उघड्या सड्यावर सावली कुठली, त्या सुट्या दगडाखाली जरा ओल असते तेवढाच त्याचा आसरा, आणि उचललेला दगड परत ठेवताना पहिल्यासारखा बसत नाही, कधी कधी खालचाच चिरडतो.

किर्ररात्र: +१. शोधायची गरजच नाही, अंधार पडल्यावर नर ओरडायला लागतात, आवाजाच्या दिशेने हळू जा. फक्त पाय कुठे टाकताय ते बघा, कारण अंडी सड्यावरच्या उथळ डबक्यात असतात, आधीच मध्ये पावसाने दडी मारली की डबकं आटतं आणि अंडी वाळून जातात, त्यात आपले लोक बूट घालून त्याच पाण्यात उभे राहून फोटो काढतात. हाताला डासांचं क्रीम लावून तर अजिबात पकडू नका, त्यांची कातडी सगळं शोषून घेते. खरं तर पकडूच नका.

पाऊसवेडा: ओके दगड कॅन्सल. पण मग दुसऱ्या घाटात नेऊन सोडत का नाहीत थोडे?

सडेफिऱ्या: नेऊन सोडाल हो, पण तसाच सडा, तसाच पाऊस, तशीच डबकी पाहिजेत ना, आणि तिथल्या बेडकांना आपण कुठला रोग नेऊन देतोय का ते कोण बघणार. त्यापेक्षा आहे तो सडा सांभाळणं सोपं. आणि गाडीचं बघा. रात्री पावसात रस्त्यावर येतात आणि टायरखाली जातात, त्यामुळे उजेडातच मुक्कामी पोचा, रात्री जायचं ते चालतच जा.

किर्ररात्र: आणि फोटोचं नेमकं लोकेशन टाकू नका कुठे, पुढच्या शनिवारी तिथे पन्नास टॉर्च दिसतील.