तारेचा ब्रश खाऱ्या हवेत पुरत नाही

लोखंडी अवजारांचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून वर रेड ऑक्साइड प्रायमर (रंगाआधीचा गंजरोधक हात) मारा, असा सल्ला नेहमी मिळतो. तो घाटावर चालेल, आमच्या समुद्राकाठच्या देवगडात नाही. जुन्या पॉवर टिलरचं रोटरीवरचं, म्हणजे माती फोडणाऱ्या फिरत्या पात्यांवरचं, पत्र्याचं कव्हर मी तसंच रंगवलं होतं. गणपतीत चकाचक, दिवाळीला रंगाखाली फोड. नखाने टोचलं तर आत ओलसर तांबूस भुगा! गंजाच्या बारीक खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं, ते हवेतली ओल ओढत राहतं.

मग प्लास्टिकच्या पिंपात पाणी घेतलं, १० लिटरला २-३ मोठे चमचे धुण्याचा सोडा, आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. कव्हर आणि एक जुनी सळी त्या पाण्यात सोडली; चार्जरचा निगेटिव्ह चिमटा कव्हरला, पॉझिटिव्ह सळीला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. रात्रभरात गंज काळा पडून सुटला. सळी साध्या लोखंडाचीच घ्या, स्टेनलेसमधून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून पिंप उघड्यावर, चुलीपासून लांब. ॲल्युमिनियमचे भाग मात्र त्यात अजिबात बुडवू नका, सोडा ते खातो. नंतर विहिरीच्या गोड्या पाण्याने भरपूर धुवून, कडक वाळवून त्याच दिवशी प्रायमर. तीन पावसाळे गेले, कव्हरला एक फोड नाही.