टर्नर सिंड्रोम, ग्रोथ हार्मोन आणि पाठीचा बाक: इंजेक्शन बंद करावं का?

कोवळं_ऊन:
मुलगी १० वर्षांची, वजन २७ किलो, टर्नर सिंड्रोम (मुलींमध्ये एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं, उंची कमी राहते). ग्रोथ हार्मोन चालू होऊन ८ महिने झाले, रोज १.२ मिलिग्रॅम. कॉब अँगल (एक्स-रेवर मोजलेला, पाठीच्या एका बाजूला गेलेल्या बाकाचा कोन) आधी ११ अंश होता, आता १५. घरात सगळ्यांचं एकच, इंजेक्शननेच पाठ वाकली, बंद करा. ब्रेस (बाक वाढू नये म्हणून धडाला घालायचा कडक पट्टा) आत्ताच लावावा का? एक्स-रे किती महिन्यांनी काढायचा?

मणका_सरळ:
आधी दोन्ही फिल्म शेजारी ठेवून बघा. दोन्ही वेळा उभं राहूनच काढला होता का? कोन मोजताना वरचा आणि खालचा मणका तेच धरले होते का? आडवं झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये बाक कमी दिसतो. त्यातून कोन मोजण्यातच पाचेक अंश इकडेतिकडे होतात, म्हणजे ११ चे १५ हा फरक त्या चुकीतच बसतो. पाचहून जास्त फरक पडला तरच 'वाढला' म्हणायचं.

हार्मोन स्वतः पाठ वाकवत नाही. मुलगी झपाट्याने उंच होते आणि आधीच असलेला बाक त्या वेगात पुढे सरकू शकतो, म्हणून औषधाच्या कागदावर ती सूचना असते. टर्नरच्या मुलींत बाक मुळातच जास्त आढळतो. १५ अंशांवर ना इंजेक्शन थांबवायचं, ना ब्रेस. वाढ शिल्लक असताना साधारण २५ च्या पुढे ब्रेसचा विचार होतो, ४५-५० च्या पुढे ऑपरेशनचा. सध्या ६ महिन्यांनी एक्स-रे पुरे. तो मागून पुढे घ्यायला सांगा, छातीला किरणं कमी लागतात.

सुई_आणि_पेन:
डोस तपासला: २७ × ०.०४५ = १.२१५, बरोबर आहे. फक्त पेन बदललात तर आकड्याशेजारचं एकक वाचा. १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट, म्हणजे तुमचे १.२ मिलिग्रॅम युनिटच्या पेनवर ३.६ होतात. इथे गल्लत झाली की डोस थेट तिप्पट किंवा एक तृतीयांश. आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनचा परिणाम दाखवणारी रक्ततपासणी) वयाच्या मानाने वर गेलं असेल तर डोस कमी करणं हा रास्त मुद्दा आहे. पाठीच्या भीतीने मध्येच बंद करणं नाही, कारण तेवढी उंची हातची जाते.

आणखी एक, जे बऱ्याचदा निसटतं. 'पाळी आली, आता वाढ संपत आली, बाक फारसा वाढणार नाही' हा ठोकताळा टर्नरमध्ये लागू पडत नाही. बऱ्याच मुलींना पाळी आपोआप येतच नाही, हाडं उशिरा पक्की होतात, म्हणून बाक वाढण्याची मुदतही लांबते. वय नव्हे, हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय बघा. वयाच्या ११-१२ च्या सुमारास इस्ट्रोजेन (वयात येण्यासाठी दिलं जाणारं स्त्री-हार्मोन) सुरू होईल, तेव्हा पाठ पुन्हा नीट तपासा.

लंगडणं, मांडी किंवा गुडघा दुखणं, डोकेदुखीसोबत उलट्या किंवा धूसर दिसणं यापैकी काही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

कोवळं_ऊन:
घरी काही बघता येईल? आणि ब्रेस लागलाच तर किती तास?

मणका_सरळ:
महिन्यातून एकदा, पाठ उघडी, पावलं जुळवून, गुडघे ताठ, हाताचे तळवे एकत्र, आणि कमरेतून हळूहळू वाकायला सांगा. तुम्ही मागे बसा, नजर पाठीच्या पातळीवर. एका बाजूच्या बरगड्या किंवा कंबर उचललेली दिसते का बघा. दवाखान्यात स्कोलिओमीटर (वाकलेल्या पाठीचा तिरपेपणा मोजणारं छोटं साधन) ५-७ अंश दाखवू लागला की मणक्याच्या डॉक्टरकडे पाठवतात.

ब्रेस सहसा १८ तास सांगतात. अमेरिका-कॅनडातल्या २०१३ च्या अभ्यासात रोज सरासरी १३ तासांच्या आसपास घालणाऱ्यांपैकी ९० टक्के मुलांचा बाक ५० च्या आत राहिला. पण ती मुलं टर्नरची नव्हती, कारण न सापडलेल्या बाकाची होती, म्हणून आकडा जसाच्या तसा लावू नका. दप्तरात काढून ठेवलेला ब्रेस मात्र कोणत्याच अभ्यासात चालत नाही.