स्क्विड: नवीन साइट उघडताना बरोब्बर ५ सेकंद अडकतंय

वैतागलेला_अ‍ॅडमिन:
मंडळी, लिनक्सवर स्क्विड प्रॉक्सी (सगळ्यांच्या वतीने साइट आणून देणारा मधला सर्व्हर) आहे. कुठलीही साइट पहिल्यांदा उघडली की ५ सेकंद नुसतं गरगर फिरत बसतं आणि मग एकदम पान येतं, लगेच परत उघडली की सुसाट. त्याच सर्व्हरवर डिग (डीएनएसला, म्हणजे नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेला, विचारून बघायची कमांड) मारलं तर उत्तर चुटकीसरशी. मागच्या आठवड्यात जुना डीएनएस सर्व्हर बंद केला, पण रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधून (डीएनएस सर्व्हरची यादी असलेली फाइल) त्याचा आयपी तेव्हाच काढलाय. डिस्कवरची कॅशे उडवून झाली, ढिम्म फरक नाही.

कॅशेप्रेमी:
पॉझिटिव्ह डीएनएस टीटीएल (डीएनएसचं मिळालेलं उत्तर किती वेळ जपून ठेवायचं ते) वाढव, २४ तास कर.

जुना_पापी:
नको रे बाबा. ती नुसती वरची मर्यादा आहे, डिफॉल्ट ६ तास. रेकॉर्डचा स्वतःचा टीटीएल ५ मिनिटांचा असेल तर ५ मिनिटांनी जाणारच. आणि त्रास पहिल्या वेळेचा आहे ना?

खरी गोम त्या बरोब्बर ५ मध्ये आहे. स्क्विड डीएनएसला स्वतःच विचारतो आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फक्त सुरू होताना नाहीतर रिकॉन्फिगर (सेटिंग पुन्हा वाचायची आज्ञा) दिल्यावर वाचतो. म्हणजे तो मेलेला सर्व्हर त्याच्या यादीत अजून पहिला आहे, प्रत्येक नवीन नावाला आधी त्याचंच दार वाजवतो, रिट्रान्समिट इंटरव्हल (उत्तर न आल्यास पुन्हा विचारण्याआधी थांबायचा वेळ) ५ सेकंद, तेवढं थांबून मग दुसऱ्याकडे. डिग फाइल दरवेळी नव्याने वाचतं म्हणून ते शहाणं ठरतं. कॅशे मॅनेजरमध्ये (स्क्विडची आकडेवारी दाखवणारा भाग) आयडीएनएसचं, म्हणजे डीएनएसच्या आकड्यांचं, पान उघडून बघ. आणि स्क्विड डॉट कॉन्फमध्ये (स्क्विडची सेटिंग फाइल) डीएनएस नेमसर्व्हर्सची ओळ कुणी टाकून ठेवली असेल तर रिझॉल्व्ह डॉट कॉन्फला विचारतच नाही, मग तिथे बदलावं लागेल.

वैतागलेला_अ‍ॅडमिन:
जुन्या आयपीसमोर क्वेरीचा आकडा वाढतोय आणि रिप्लाय जागचा हलत नाही! ती ओळ नव्हती, रिकॉन्फिगर दिलं, रिस्टार्टसुद्धा लागला नाही, झटक्यात सुरू. अजून एक, आतल्या नेटवर्कवरची साइट नुसतं 'विकी' टाइप केलं की थेट उघडते, प्रॉक्सीतून मात्र नाव सापडत नाही म्हणतो.

जुना_पापी:
बिनटिंबाच्या नावांना स्क्विड आपणहून सर्च डोमेन (नावामागे जोडायचं आतल्या नेटवर्कचं डोमेन) जोडत नाही. स्क्विड डॉट कॉन्फमध्ये अपेंड डोमेनची ओळ टाक. डोमेनच्या आधी टिंब हवंच, मी त्या एका टिंबापायी अख्खी दुपार घालवलीय.