ईस्टरच्या न्याहारीचा हेफेत्सॉप्फ: वेणी कडेने उसवते, काय चुकतंय?

वेडी_पेडगावची

जर्मनीत सासर. ईस्टरच्या रविवारची न्याहारी दरवर्षी सासूबाईंकडे असते. रंगवलेली उकडलेली अंडी, लोणी, जॅम आणि टेबलाच्या मधोमध हेफेत्सॉप्फ. (हेफे म्हणजे यीस्ट, त्सॉप्फ म्हणजे वेणी. दूध-लोणी घातलेला, गोडसर, वेणी घालून भाजलेला ब्रेड.) यंदा त्यांच्या मनगटाचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी परस्पर जाहीर केलं की वेणी मी घालणार. शाळेत असताना स्वतःच्या केसांची वेणीसुद्धा मला धड जमत नव्हती, हे त्यांना कुठे ठाऊक!

त्यांच्या वहीत असं आहे: मैदा ५०० ग्रॅम, दूध २३० मिली, साखर ८०, लोणी ८०, एक अंडं, ताज्या यीस्टचा अर्धा क्यूब, चिमूटभर मीठ, लिंबाची किसलेली साल, बेदाणे. वेळ कुठेच नाही. ‘फुगेपर्यंत’ आणि ‘रंग येईपर्यंत’, एवढंच.

गेल्या रविवारी रंगीत तालीम केली. पीठ फार चिकटत होतं म्हणून दोन मुठी मैदा वाढवला. तासाभरात दुप्पट झालं, तीन पेड वळले, वेणी घातली, पंधरा मिनिटं ठेवून ओव्हनमध्ये. पंखा चालू, २०० अंश, ४० मिनिटं. वरून रूप देखणं, पण एक कड लांबलचक उसवली आणि आतला पांढरा भाग बाहेर आला. दुपारपर्यंत तर टोस्ट. नवरा म्हणाला, ‘छान झालाय’, आणि दुसरा तुकडा घेतला नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. न्याहारी नऊला, माणसं अकरा. पहाटे चारला उठणं टाळता येईल का?

मोजूनमापून

उसवण्याचं कारण ती पंधरा मिनिटं. वेणी घातल्यावर पीठ पुरेसं फुगलं नव्हतं. मग ते ओव्हनच्या उष्णतेत एकदम उसळतं, तोवर वरचा पापुद्रा घट्ट झालेला असतो, आणि आतला जोर जिथे कच्चा सांधा सापडेल तिथून बाहेर पडतो. तो सांधा म्हणजे वेणीची कड. वेणी घातल्यावर साध्या खोलीत ४५ ते ६० मिनिटं तरी द्या. घड्याळापेक्षा बोटावर भरवसा ठेवा: हलकेच दाबलं की खळगा सावकाश अर्धामुर्धा भरून आला पाहिजे. टुणकन वर आला तर थांबा. तसाच राहिला तर उशीर झालाय, लगेच भाजायला घ्या.

वेणीही सैल घाला. लोक अंबाडा बांधल्यासारखी आवळतात. पेड वळताना ओट्यावर मैदा भुरभुरू नका. मैद्यावर पेड नुसते घसरतात, वळले जात नाहीत, शिवाय एकमेकांना नीट चिकटतही नाहीत. वळलेला पेड आखडत असेल तर दहा मिनिटं झाकून ठेवा, मग मुकाट्याने लांब होतो. आणि वेणीला मधून सुरुवात करा. आधी एका टोकाकडे, मग फिरवून दुसऱ्या. टोकापासून घातली की एक बाजू जाड, एक शेपटी.

आता त्या दोन मुठी मैद्याबद्दल. तिथेच ब्रेड कोरडा झाला. हे पीठ सुरुवातीला चिकटणारच. लोणी सोडून बाकी सगळं आठ-दहा मिनिटं तिंबा, मग मऊ लोण्याचे छोटे तुकडे थोडेथोडे घाला. लोणी आधीच घातलं तर मैद्यातला चिवटपणा तयार व्हायला वेळ लागतो. लोणी घातल्यावर पाच मिनिटं सगळा चिखल होतो, नेमका तिथेच माणूस मैद्याच्या डब्याकडे हात नेतो. नेऊ नका. मळत राहिलं की पीठ भांड्याची कड सोडतं. चिमटीत ताणल्यावर फाटायच्या आधी पलीकडचा उजेड दिसला की झालं.

मैदा ४०५ नंबरचा होता का? ५५० वापरून बघा, वेणीचा आकार जास्त नीट राहतो. (हा आकडा म्हणजे १०० ग्रॅम पिठातल्या क्षारांचं मिलिग्रॅममधलं प्रमाण. चाळण जितकी कमी, तितका आकडा मोठा.) आणि चिमूटभर मिठाने इतक्या पिठाचं काही होत नाही, सात-आठ ग्रॅम घाला.

रात्रपाळी

वरच्यांनी पिठाचं सांगितलं, मी झोपेचं सांगतो. दरवर्षी आदल्या रात्री करतो.

यीस्ट कमी करा, अर्ध्या क्यूबऐवजी १० ग्रॅम. (अख्खा क्यूब ४२ ग्रॅमचा.) शनिवारी संध्याकाळी सातला मळा, साधारण दुप्पट होऊ द्या, नऊच्या सुमारास वेणी घाला, सैलसर झाकून फ्रिजमध्ये. सकाळी सहाला बाहेर काढून पुन्हा झोपा. गार लोण्यामुळे पीठ दगडासारखं वाटेल, घाबरू नका. साडेसातपर्यंत बोटाची परीक्षा पास होते. मग अंड्याचा बलक आणि चमचाभर दूध एकत्र करून ब्रशने लावा, वर जाड दाणेदार साखर.

पंखा बंद. वरची-खालची आच, १८० अंश, ३० ते ३५ मिनिटं. पंखाच हवा असेल तर १६०. रंग लवकर चढला तर वर फॉइल ठेवा. टोचायचा थर्मामीटर असेल तर मधोमध ९० अंश आले की बाहेर काढा. तुमच्या २०० अंशांत ४० मिनिटांनी कुणाचाही टोस्टच झाला असता.

यीस्ट शुक्रवारच्या आतच आणा. गुड फ्रायडेला दुकानं बंद, आणि शनिवारी सगळं गाव तोच खण धुंडाळत असतं. एका वर्षी मला रिकामा खण बघून परतावं लागलं. तेव्हापासून कोरड्या यीस्टची पाकिटं घरात ठेवतो. सात ग्रॅमचं पाकीट म्हणजे अर्धा क्यूब, या हिशेबाने रात्रीच्या पद्धतीला अर्ध्या पाकिटाहून किंचित कमी.

वेडी_पेडगावची

दोघांनाही साष्टांग नमस्कार. एकच अडचण: शनिवारी रात्री आमच्या फ्रिजमध्ये ओव्हनचा ट्रे आडवा मावणं अशक्य. बाल्कनीत ठेवू का? रात्री गारच असतं.

रात्रपाळी

बाल्कनी नको. एका रात्री दोन अंश, दुसऱ्या रात्री बारा, सकाळी काय सापडेल याचा नेम नाही. वेणी गोल करून टोकं जोडा आणि २६ सेंटिमीटरच्या सुट्या कडेच्या केक टिनमध्ये ठेवा. मध्ये बटर पेपर गुंडाळलेली वाटी ठेवली की भोक बुजत नाही. भाजायच्या आधी वाटी काढा. याला हेफेक्रांत्स म्हणतात, ईस्टरला तोही चालतो. पेड मात्र ६० सेंटिमीटर लांब हवेत.

वेडी_पेडगावची

काल केला. मैद्याच्या डब्याला हात लावला नाही, एकदा तर झाकण उघडून परत लावलं. सकाळी वेणी अखंड! एका जागी पेड जरा सुटलाय, तो मागच्या बाजूला. आतून धागे निघतात, जसे सासूबाईंच्या ब्रेडला निघतात. बाहेर आलेले बेदाणे तेवढे जळून कडू झाले.

सासूबाईंना फोटो पाठवला. त्यांनी विचारलं, ‘गोल का?’ फ्रिजचं कारण सांगितलं. त्यावर बराच वेळ काही नाही, मग उत्तर आलं: ‘त्या बाजूने फोटो का नाही काढला?’

आता सांगा, अकरा माणसांना एक पुरेल का?

मोजूनमापून

दोन करा. एक बिनबेदाण्याचा, अकरा माणसांत बेदाणे वेचून ताटाच्या कडेला ठेवणारं एक तरी निघतंच. आणि दुसऱ्यात बेदाणे आधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून, कोरडे पुसून घाला. वेणी झाल्यावर वर डोकावणारे आत खुपसा.