गव्हाच्या पिठाचे मफिन चिवट, स्मूदी कडू : मदत हवी आहे

घरात मैदा आणि साखर दोन्हींना कात्री लावायचं ठरलंय. मोठे निमूटपणे खातात, पण मुलं एक घास घेऊन बशी बाजूला सारतात. म्हणून इथल्या जाणकारांना साकडं.

सध्याचं प्रमाण : दीड कप गव्हाचं पीठ, अर्धा कप ओट्सची भरड, दोन पिकलेली केळी, एक अंडं, पाऊण कप दूध, दोन मोठे चमचे तेल, तीन मोठे चमचे मध, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर. ओव्हन 180 अंशांवर, साधारण 25 मिनिटं. वास झकास सुटतो, चवही बरी. पोताचं मात्र काही खरं नाही. माथ्यावर टोक येतं, मोडून पाहिलं तर आत उभी लांबट भोकं, आणि कागद सोलताना निम्मं मफिन कागदालाच. मिश्रण अगदी गुळगुळीत होईपर्यंत फेटते.

दुसरं म्हणजे स्मूदी. पपई आणि दुधाची सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवली, तर दुपारी कडवट लागते. पपई गोड असते, दूधही ताजं. मग हे काय?

आणि मध घातला म्हणजे साखर टळली, असं धरून चालायचं का?

प्रतिसाद

उभी भोकं आणि टोक, दोन्ही जास्त फेटल्याच्या खुणा. पिठाला पाणी लागून ढवळलं की ग्लुटेनची (गव्हातल्या चिवट प्रथिनाची) जाळी घट्ट होते आणि वाफ तिच्यातून वाट काढत वर जाते. कोरडं एका भांड्यात, ओलं दुसऱ्यात, मग एकत्र करून चमच्याने दहा-बारा वेळा खालीवर करा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा, गुठळ्या राहिल्या तर राहू देत. गव्हाच्या पिठातला कोंडा पाणी सावकाश पितो, म्हणून मिश्रण दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा, मग साच्यात भरा.

तेल फार कमी आहे. पाव कप तरी हवंच, कागदाला चिकटण्याचं कारणही बहुधा तेच. शिवाय गरमागरम सोलू नका. पाच मिनिटांनी साच्यातून काढून जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. दुधाऐवजी अर्धा कप दही आणि पाव कप दूध घेऊन बघा. मग बेकिंग पावडर एकच छोटा चमचा आणि सोडा पाव चमचा. दह्याची आंबट बाजू तेवढाच सोडा मारते. त्याहून जास्त घातलात तर साबणासारखी चव येईल.

पपईत पपेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि त्या तुकड्यांची चव कडू. न शिजवलेलं अननस आणि किवी यांचंही तेच. एक तर लगेच प्यायची, नाहीतर फळ दोन-तीन मिनिटं चांगलं उकळून, गार करून वापरायचं. उष्णतेने विकर निकामी होतं.

मधाचं म्हणाल तर नाही, सुटका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या मार्गदर्शक सूचनांत मध आणि फळांचा रसही साखरेतच मोजलेत, आणि ही सगळी मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली ठेवायला सांगितलंय. अख्ख्या फळातली साखर त्यात धरत नाहीत. मला विचाराल तर मफिनमध्ये मध निम्मा करा आणि केळी काळे ठिपके पडेपर्यंत पिकू द्या. घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मध अजिबात नको, बॉट्युलिझमचा (जीवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो.

धागाकर्ती

मनापासून आभार! बाळ नाही, त्यामुळे ती काळजी नाही. शनिवारी दही घालून करते. एकच शंका : अंडं वगळायचं झालं तर जवसाची पूड भिजवून चालेल का, की दह्यावरच भागेल?

प्रतिसाद

चालेल. एक मोठा चमचा पूड, तीन मोठे चमचे पाणी, दहा मिनिटं भिजवा. मफिन थोडे कमी फुगतील, पण केळ्यांमुळे बांधले जातील.